विमानाचा पंख: तो उचलतो कसा, आणि साथ सोडतो केव्हा

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर पतंगांची गर्दी उसळते, आणि वर्गात बसलेल्या मुलांचे डोळे फळ्यावर असले तरी चित्त खिडकीबाहेर असते, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. यंदा अशाच एका दुपारी मैदानावरील पतंगांच्याही पुष्कळ वर, निरभ्र आकाशात, एक विमान पांढरी रेघ ओढीत गेले. आठव्या इयत्तेतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पतंगाला दोरा आहे म्हणून तो वर राहतो, दोरा तुटला की पडतो. विमानाला तर दोराच नाही. मग ते का पडत नाही?" प्रश्न ऐकून वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण ह्या प्रश्नाचे जे उत्तर कित्येक पुस्तकांतून छापलेले आढळते, आणि जे मी स्वतः पुष्कळ वर्षे वर्गात सांगत आलो, ते चुकीचे आहे, हे मला अलीकडेच उमगले होते. तेव्हा हा लेख म्हणजे एका परीने त्या जुन्या विद्यार्थ्यांपाशी केलेली दुरुस्ती होय. त्यांपैकी कित्येक जण आज ह्या वार्षिकाच्या वाचक पालकांमध्ये आहेत.

ते चुकीचे उत्तर असे. विमानाच्या पंखाची पाठ फुगीर असते व पोट बहुधा सपाट असते. पुढच्या कडेवर हवा दुभंगते. काही पाठीवरून जाते, काही पोटाखालून. पाठीवरचा रस्ता लांबचा. दोन्ही प्रवाह मागच्या कडेवर एकाच वेळी परस्परांस भेटले पाहिजेत. म्हणून वरच्या हवेला अधिक वेगाने धावावे लागते. वेगवान हवेचा दाब कमी असतो, हा बर्नुली ह्या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेला सिद्धांत. त्यामुळे वर दाब कमी, खाली अधिक, आणि पंख वर उचलला जातो.

ऐकावयास हे फार सुबक वाटते. त्यातील बर्नुलीचा सिद्धांत खरा आहे. वरची हवा अधिक वेगाने जाते हेही खरे आहे. खोटे आहे ते मधले वाक्य. दोन्ही प्रवाह एकाच वेळी भेटले पाहिजेत, हा नियम कोणी केला? वाशीमहून अकोल्यास दोन मोटारी एकाच वेळी निघाल्या, एक मालेगाव-पातूरच्या वाटेने व दुसरी मंगरूळपीर-बार्शीटाकळीच्या लांबच्या वाटेने, तर दुसरीचा रस्ता लांब आहे एवढ्यावरून ती अधिक वेगाने धावेल असे कोणी म्हणेल काय? हवेच्या कणांनी परस्परांस भेटीचे वचन दिलेले नसते. वातबोगद्यात, म्हणजे ज्या बंदिस्त नळीतून ठरावीक वेगाने वारा सोडता येतो अशा प्रयोगशाळेत, धुराचे तुटक झोत सोडून पाहिले असता असे दिसते की वरचा झोत खालच्याच्या बरोबर तर पोहोचत नाहीच, उलट त्याच्या पुष्कळ आधी मागच्या कडेवर जाऊन पोहोचतो. शिवाय फुगीर पाठ हेच जर उचलीचे कारण असते, तर कसरती करणारी विमाने पाठीवर उलटी होऊन उडाली नसती; आणि आपल्या मैदानावरचा पतंग, जो निव्वळ कागदाचा सपाट तुकडा आहे, तो तर जमिनीवरून उठलाच नसता.

म्हणून पतंगापासूनच आरंभ करावा. पतंगाच्या कामट्यांना जो दुहेरी दोरा बांधतात, त्याच्या गाठीत सारी विद्या आहे, हे कोणताही दहा वर्षांचा मुलगा जाणतो. वरचा दोरा फार लांब राहिला की पतंग वाऱ्यापुढे छाती काढून उभा राहतो, मांजाला जोराने ओढ देतो, परंतु वर चढत नाही. वरचा दोरा बेताने आखूड केला की पतंग पुढे झुकतो, वाऱ्याशी लहान कोन करतो, आणि सरसर डोक्यावर चढतो. मुलगा गाठ सरकवितो तेव्हा तो पतंगाचा वाऱ्याशी होणारा कोन बदलीत असतो. ह्या कोनास आपण आघातकोन म्हणू, कारण वारा पृष्ठभागावर ज्या तिरकसपणे येऊन आदळतो त्याचे ते माप आहे. दोरा तुटला की पतंगाचा कोन धरून ठेवणारे कोणी उरत नाही. तो हेलकावे खात वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि वाऱ्याच्या मानाने जवळजवळ स्थिर होतो. दोऱ्याने पतंगास वर धरले नव्हते. वाऱ्यापुढे व योग्य कोनात धरले होते. विमानास दोऱ्याची गरज पडत नाही, कारण इंजिन त्यास हवेतून पुढे नेऊन स्वतःचा वारा निर्माण करते, आणि कोन राखण्याचे काम शेपटीकडील आडवे पंख करतात.

तिरक्या धरलेल्या पंखावरून हवा गेली की ती सरळ येऊन सरळ जात नाही; ती खाली वळविली जाते. पोटाखालची हवा खाली ढकलली जाते हे सहज समजते. परंतु पाठीवरची हवाही पाठीच्या बाकाला धरून खाली वळते, आणि नेहमीच्या उड्डाणात उचलीचा मोठा वाटा ह्या पाठीवरच्या हवेचा असतो. पंखाने हवेला खाली रेटले, म्हणून हवेने पंखास वर रेटले. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. हवेस आपण वजनरहित समजतो, पण ती तशी नाही. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे सव्वा किलोच्या आत-बाहेर असते. आमच्या वर्गाची खोली घेतली तर तिच्यातील हवा दोन क्विंटलांहून अधिक भरेल. एवढी वजनदार वस्तू दर क्षणी खाली फेकीत गेल्यावर विमान वर राहावे यात नवल नाही.

मग दाबाचे काय? दाबाची गोष्ट ही ह्याच घटनेची दुसरी बाजू आहे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार आपण पाहिला असेल. गोफणीतला दगड वाटोळा फिरतो, कारण दोरी त्यास सतत आत ओढीत असते. दोरी सुटली की दगड सरळ निघून जातो. जी वस्तू वळणाने जाते, तिला वळणाच्या आतल्या बाजूकडे रेटणारे काहीतरी असलेच पाहिजे. पंखाच्या पाठीवरून हवा बाकदार मार्गाने जाते. तिला तर दोरी नाही. तिला आत रेटतो तो बाहेरच्या हवेचा दाब. आणि तो तसे तेव्हाच करू शकेल, जेव्हा वळणाच्या आतल्या अंगास, म्हणजे पंखाच्या पाठीलगत, दाब त्याहून कमी असेल. अशा रीतीने हवा वळते तेथेच दाब उतरतो. मागून येणारी हवा ह्या कमी दाबाच्या प्रदेशाकडे ओढली जाऊन वेग घेते. बर्नुली म्हणतो तो हा वेग. अर्थात वेगामुळे पंख उचलला जातो असे म्हणण्यापेक्षा, हवा वळली म्हणून दाब उतरला व दाब उतरला म्हणून वेग वाढला, असे म्हणणे अधिक यथार्थ होय.

हा दाबाचा फरक केवढा असतो, ह्याचा हिशेब मनोरंजक आहे. वैमानिकी शिकविणाऱ्या शाळांतून सेस्ना १७२ नावाचे चार आसनांचे लहान विमान पुष्कळ वापरतात. त्याचे पूर्ण भरलेले वजन सुमारे अकरा क्विंटल, आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरास सत्तर किलोंच्या आत भार. आता वातावरणाचा दाब समुद्रसपाटीवर दर चौरस मीटरास दहा हजार किलोंहून अधिक असतो. वर व खाली मिळून शंभरात एक हिस्सा इतकाही फरक पडला नाही तरी ते विमान आकाशात राहते! वैशाख-ज्येष्ठात वादळ सुटते, आणि आपल्याकडे कोणाच्या ना कोणाच्या घरावरील टिनपत्रे उडून शेजारच्या वावरात जाऊन पडतात. लोक म्हणतात, वाऱ्याने पत्रे ढकलले. वस्तुतः वारा छपराच्या आढ्यावरून वळसा घेऊन जातो, वर दाब उतरतो, आणि उघड्या दारातून आत शिरलेली हवा खालून रेटते. पत्रे ढकलले जात नाहीत, उचलले जातात. त्या रात्री ते घर काही क्षण पंखच झालेले असते.

ही उचल तीन गोष्टींवर अवलंबून असते. ('उचल' हा शब्द आपल्याकडे मजुराने मालकाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेसही लावतात, तीही पुढे फेडावी लागते, आणि पंखाची उचलही फुकट मिळत नाही, तिची किंमत हवेच्या विरोधाच्या रूपाने इंजिनास मोजावी लागते.) पहिली गोष्ट वेग: वेग दुप्पट झाला तर उचल चौपट होते. दुसरी, हवेची घनता. नागपुरास मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे तेथील हवा समुद्रकाठच्या थंड दिवसाच्या हवेपेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने विरळ असते. त्यामुळे त्याच विमानास धावपट्टीवर अधिक धावावे लागते. तिसरी गोष्ट आघातकोन. कोन वाढवीत जावे तशी उचल वाढत जाते, आणि ती मोठ्या नियमितपणे वाढते. येथे मनात सहज येते की, मग वेग कमी असला तरी चिंता नाही; नाक वर करावे, कोन वाढवावा, म्हणजे झाले. काही अंशी ते खरेही आहे. उतरताना विमान हळू येते तेव्हा त्याचे नाक वर असते ते ह्याचसाठी. परंतु ह्या सवलतीस एक हद्द आहे, आणि त्या हद्दीवर पुष्कळ माणसे मेली आहेत.

जर्मनीतील ऑटो लिलिएंथाल हा त्यांतील आरंभीचा एक. करकोचा पक्ष्याच्या पंखांचा त्याने अनेक वर्षे अभ्यास केला, १८८९ साली त्यावर ग्रंथ लिहिला, आणि १८९१ पासून टेकड्यांवरून इंजिनाविना पंखांनी सुमारे दोन हजार वेळा तरंगत उतरला. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याच्या पंखांचे नाक वर गेले, पंखांनी उचल सोडली, आणि सुमारे पन्नास फुटांवरून तो खाली आला. दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्याचा अंत झाला. पंख मोडला नव्हता, वारा थांबला नव्हता. मग झाले काय?

ह्या घटनेस वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. जत्रेतल्या दुकानाशी तिचा संबंध नाही; आणि मोटारीचे इंजिन बंद पडते त्याच्याशीही नाही, जरी वर्तमानपत्रांतून तसा समज नेहमी करून दिला जातो. इंजिन पूर्ण जोराने चालू असतानाही स्टॉल होऊ शकतो. बंद पडतो तो पंख.

हवा किंचित चिकट असते. पंखाच्या अगदी पृष्ठभागाशी असलेला हवेचा थर त्यास चिकटून जवळजवळ थांबलेलाच असतो. त्यावरचा थर थोडा अधिक वेगाने, त्यावरचा त्याहून अधिक, असे होत होत थोड्याच अंतरावर पूर्ण वेग येतो. ह्या पातळ, मंदावलेल्या थरास सीमास्तर म्हणतात. लुटविग प्रांट्ल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत त्याचे मर्म प्रथम उलगडून सांगितले. आता सायकलवर बसलेला मुलगा डोळ्यांपुढे आणा. रस्ता नाल्याच्या पुलाकडे उतरतो आणि पलीकडे चढतो. उतारावर मिळालेल्या वेगाच्या बळावर तो पायडल न मारता पलीकडचा चढ चढून जाईल. पण सायकलचा ब्रेक सबंध वाटभर थोडा घासत असेल, तर त्याचा काही वेग वायाच जातो. आणि चढ फार उभा असेल, तर तो मध्येच थांबेल व मागे घसरू लागेल. पंखाच्या पाठीवरून जाणाऱ्या हवेचे असेच आहे. पुढच्या कडेपासून दाब उतरत जातो, हा तिचा उतार. तेथून मागच्या कडेपर्यंत दाब पुन्हा वाढत जातो, हा तिचा चढ. बाहेरची वेगवान हवा हा चढ सहज चढते. सीमास्तर मात्र ब्रेक घासत आलेला असतो. आघातकोन लहान आहे तोवर तोही कसाबसा पार पडतो. कोन वाढविला की दाबाचा खड्डा अधिक खोल होतो, आणि चढ अधिक उभा. एका मर्यादेनंतर हा थकलेला थर मध्येच थांबतो, उलटा फिरतो, आणि त्यामागून येणारा सारा प्रवाह पंखाची पाठ सोडून वरच्या वर निघून जातो. पाठीवर उरतात नुसते भोवरे. हवा वळेनाशी झाली, म्हणून दाब उतरेनासा झाला; उचल एकाएकी घटते, आणि विरोध मात्र भरमसाट वाढतो. साध्या पंखाच्या बाबतीत हे बहुधा पंधरा अंशांच्या आसपास घडते.

प्रांट्ल ह्यांच्याच हाताखाली ग्योटिंगेन येथे ज्यांनी डॉक्टरेट मिळविली, त्यांत आपल्या कोल्हापूर भागात १९०८ साली जन्मलेले विष्णु माधव घाटगे हे होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४० साली बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना उभारला, त्यात डॉ. घाटगे रुजू झाले. तेथीलच भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा आरंभीच्या अध्यापकांत तेही होते. त्यांच्या आराखड्यानुसार तयार झालेले एच. टी. २ हे एकामागे एक अशा दोन आसनांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. भारतात आखून भारतात बांधलेले ते शिकाऊ विमान. दीडशेहून अधिक बांधली गेली, आणि हवाई दलातील वैमानिकांच्या अनेक पिढ्यांनी त्यांवर पहिले धडे घेतले. १९६५ साली डॉ. घाटगे ह्यांस पद्मश्री मिळाली. मला खंत वाटते ती अशी की, १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी विमान उडविल्याची कथा वर्गातील निम्म्या मुलांस ठाऊक असते, जिला सबळ समकालीन पुरावा उपलब्ध नाही. आणि घाटगे हे नाव उच्चारले तर एकही हात वर होत नाही, ज्यांची विमाने हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

शिकाऊ विमानाचा येथे उल्लेख करण्याचे कारण असे की, स्टॉल हा वैमानिकास मुद्दाम करून दाखविला जातो. विमान काही हजार फूट उंच न्यावयाचे, इंजिन मंद करावयाचे, आणि नाक हळूहळू वर धरीत जावयाचे. वेग उतरतो, पंख थरथरू लागतो, हातातील दांडा सैल, निर्जीव वाटू लागतो, आणि मग नाक आपोआप खाली कोसळते. एकच पंख आधी सुटला तर विमान भोवऱ्यासारखे गिरक्या घेऊ लागते. अशा क्षणी मनुष्याची सारी अंतःप्रेरणा ओरडून सांगते, जमीन पुढे येत आहे, दांडा ओढ, नाक वर कर! आणि नेमके तेच करावयाचे नाही. नाक वर केल्याने आघातकोन आणखी वाढेल, आणि सुटलेला प्रवाह अधिकच सुटेल. दांडा पुढे ढकलून, नाक खाली करून, आधी कोन कमी करावयाचा. प्रवाह पंखास पुन्हा चिकटला व वेग आला, की मग हळूच सरळ व्हावयाचे. पडत असताना खाली झुकावे लागते. हे शब्दांनी समजते, पण हाताला समजावयास पुनःपुन्हा करावे लागते. आणि ह्या सुटकेत काही शे फूट उंची खर्ची पडते. ती शिल्लक नसेल तर ज्ञान असूनही उपयोग नाही. १७ जुलै २००० रोजी पाटणा येथे उतरू पाहणारे एक प्रवासी विमान इंजिने मंद व नाक वर अशा अवस्थेत स्टॉल होऊन वस्तीवर कोसळले. साठ जीव गेले. त्यांतील पाच जण विमानात नव्हते, आपल्या घरी होते.

उंची भरपूर असूनही हातांनी दगा दिल्याचे उदाहरण १ जून २००९ चे आहे. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान रात्री अटलांटिक महासागरावर सुमारे ३५,००० फुटांवर होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण साचून वेगाचे आकडे चुकू लागले, आणि स्वयंचलित चालन बंद पडून विमान वैमानिकांच्या हाती आले. एका वैमानिकाने दांडा मागे ओढला. विमान ३८,००० फुटांपर्यंत चढले, वेग हरवून बसले, आणि स्टॉल झाले. धोक्याची सूचना देणारा आवाज पन्नासहून अधिक सेकंद अखंड वाजत होता. इंजिने चालू होती, पंख शाबूत होते. नाक वर होते, पण विमान जवळजवळ पोटावर खाली येत होते. आघातकोन पस्तीस अंशांच्याही वर गेला होता. नाक जमिनीशी कोणता कोन करते ह्यावर तो ठरत नाही, हवा कोणत्या दिशेने येते त्यावर ठरतो. आणि खाली पडणाऱ्या विमानास हवा खालून येऊन भेटते. हे त्या काळोखात, ढगांत, कोणास दिसणार? वैमानिकांस दोष देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वेगाचे आकडे फारच उतरले की ती सूचना आपोआप थांबत असे, आणि नाक थोडे खाली केले की पुन्हा वाजू लागे. म्हणजे योग्य कृती केली की यंत्र ओरडे आणि चुकीची केली की गप्प राही! सुमारे साडेतीन मिनिटांत विमान समुद्रास भिडले. २२८ माणसे गेली. नोंदी ठेवणाऱ्या पेट्या दोन वर्षांनी सुमारे ३,९०० मीटर खोल तळातून काढल्या, तेव्हा ही हकिकत कळली. शेवटच्या मिनिटापर्यंत त्या दोघातिघांत 'आपण स्टॉलमध्ये आहोत' असे स्पष्टपणे कोणी म्हटले नव्हते.

वळणावरचाही एक धोका सांगून ठेवतो. स्टॉल कोनामुळे होतो, वेगामुळे नव्हे. म्हणून 'अमुक वेगाच्या खाली धोका' हा आकडा सरळ उड्डाणापुरताच खरा. साठ अंश कलून, उंची न सोडता वळण घेणाऱ्या विमानाच्या पंखांवर दुप्पट भार येतो, आणि त्याचा धोक्याचा वेगही जवळजवळ दीडपट होतो. धावपट्टीकडे वळताना घाईने विमान कलविणाऱ्यांचा घात येथेच होतो.

ही हद्द पुढे ढकलण्याचे उपाय नाहीत काय? आहेत, आणि त्यांतील एक आपल्या पद्मतीर्थाच्या काठी रोज पाहावयास मिळतो. घार आकाशात घिरट्या घालते तेव्हा तिचे पंख जवळजवळ आडवे असतात. ती कठड्यावर उतरू लागली म्हणजे नीट पाहा. शेवटच्या क्षणी ती पंख एकदम उभे करते, शेपूट पसरते, वेग मारते, आणि अलगद पाय टेकते. तो स्टॉलच, पण जमिनीपासून चार बोटांवर आणि स्वेच्छेने केलेला. त्याच क्षणी पंखाच्या पुढच्या कडेवर, आपल्या अंगठ्याच्या जागी, पिसांचा एक लहानसा झुबका वर उचललेला दिसतो. त्या झुबक्यामुळे पाठीवरच्या थकलेल्या हवेला नवा जोर मिळतो, आणि प्रवाह थोडा वेळ अधिक मोठ्या कोनातही पंखास धरून राहतो. पहिल्या महायुद्धानंतर विमानांच्या पंखांना पुढच्या कडेवर फटीची पट्टी बसविण्यात येऊ लागली, ती हेच काम करते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईस प्रवासी विमान जाऊ लागले आहे. तेथून वा नागपूरहून कोणास प्रवासाचा योग आला, तर पंख दिसेल अशी खिडकी मागून घ्यावी. उतरण्याच्या आधी पंखाच्या मागच्या कडेच्या पाट्या घरघरत खाली झुकताना दिसतील. हळू चालूनही पुरेशी उचल मिळावी म्हणून पंख आपला बाक वाढवीत असतो.

ज्यांना इतके दूर जावयाचे नाही, त्यांनी घरीच एक प्रयोग करावा. पोस्टकार्डाहून थोडा मोठा पुठ्ठा घेऊन त्याला पंखासारखा किंचित बाक द्यावा. पाठीवर दोन दोन बोटांच्या अंतराने लोकरीच्या किंवा शिवणाच्या सुताचे एकेक इंचाचे तुकडे एका टोकाने डिंकाने चिकटवावे, दुसरी टोके मोकळी ठेवावी. पुठ्ठ्याच्या बाजूस कंपासपेटीतील कोनमापक लावावा. टेबलावरचा विजेचा पंखा लावून, त्यापासून दोन हात अंतरावर पुठ्ठा वाऱ्यात आडवा धरावा, आणि पुढची कडा अगदी हळूहळू वर करीत जावे. प्रथम सारे धागे मागच्या बाजूस शिस्तीने पडून राहतील, आणि पुठ्ठा हातात हलका होत जाईल. मग मागच्या कडेजवळचे एक-दोन धागे चाळवतील. त्यानंतर एका विशिष्ट कोनावर बहुतेक धागे एकाच वेळी उभे राहतील, फडफडतील, काही तर उलटे फिरून वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करतील. तो कोन वहीत लिहून ठेवावा, आणि कडा पुन्हा खाली आणताना धागे कोणत्या कोनावर निजतात तोही लिहावा; हे दोन आकडे सारखे येत नाहीत असे मला आढळले. विजेच्या पंख्याचा वारा घुसळलेला असल्याने आकडे थोडे इकडेतिकडे होतील, त्यास इलाज नाही. सपाट पुठ्ठा, बाकदार पुठ्ठा, आणि पुढची कडा कागदाच्या गुंडाळीने गोल केलेला पुठ्ठा, अशा तिन्हींचे आकडे जो विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आणून दाखवील, त्याची वही मी वर्गात वाचून दाखवीन.